देठ ठेवायचे, पानं पुरायची

कापडे, ता. पोलादपूर
१८ मार्च

प्रिय दीक्षा,

जय भीम. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. फोन हाताशी असताना आई कागद का खरडत बसली असा संशय तुला आला असेल, तर खुशाल येऊ दे. ती सवय तुला माझ्याकडूनच मिळाली आहे. सगळा जन्म शाळेत गेला माझा. पोरानं तोंड उघडायच्या आत त्याचं खरंच पोट दुखतंय की गृहपाठ राहिलाय, हे मला कळायचं. आणि गेले कित्येक महिने माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांसमोर एक माणूस काहीतरी लपवत होता आणि मला ते काही केल्या पकडता येत नव्हतं. तो माणूस म्हणजे तुझा नवरा.

भाताला लोंब्या धरायच्या सुमारास सुशांत आला. एकटाच. तिकडच्या हॉटेलातलं काम सुटलं, थोडे दिवस राहीन म्हणाला. तूही फोनवर तेच सांगितलंस, आणि अगदी त्याच शब्दांत. दोन पोरांचं उत्तर शब्दाला शब्द जुळलं की मी दोघांनाही बाकावर उभं करायची, ते तुला ठाऊक आहे. त्याचं महाडात स्वतःचं घर आहे, भाऊ-भावजय आहेत, पुरानंतर नव्यानं रंगवलेल्या खोल्या आहेत. ते सगळं सोडून जावई सासुरवाडीला मुक्काम ठोकतो, तेही बायको तिकडे विलायतेत असताना? विचारलं तर म्हणाला, महाडात उकडतं, इथे घाटाच्या पायथ्याला रात्री गारवा असतो. कोणाला हवा होता गारवा? तर म्हणे रोपांना.

त्या वेळी तुझ्या बाबांना जाऊन फार दिवस झाले नव्हते. आषाढात ते गेले आणि तुम्ही दोघंही आला नाहीत. रजा मिळत नाही म्हणालीस. पुण्यानुमोदनाच्या दिवशी जो येईल तो विचारत होता, दीक्षा कुठाय, आणि मी प्रत्येकाला रजेचं सांगत होते. संध्याकाळी माणसं पांगल्यावर मी तुला फोनवर बोलायचं ते बोलले. तेव्हापासून आपण दोघी 'जेवलीस का' आणि 'थंडी आहे का' यापलीकडे काही बोललेलो नाही. म्हणूनच सुशांतला दारात बघून माझ्या मनात पाल चुकचुकली. सासरे गेले तेव्हा न आलेला माणूस आता कशाला आला? मला एकच वाटलं, यानं तुला सोडलं. तुला परक्या देशात एकटं टाकून हा आला, आणि ते सांगायचा धीर होत नाही म्हणून माझ्या ओसरीवर येऊन बसलाय. तेव्हापासून मी त्याच्याशी 'अहो सुशांतराव' करून फार गोड बोलत होते आणि डोळ्यांत तेल घालून त्याच्यावर पाळत ठेवत होते.

पिशवीतून त्याच्या कपड्यांच्या आधी बियांची पाकिटं निघाली. रूबार्ब. हे औषध की खत, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, भाजी आहे, पण तिकडे फळासारखी गोडात घालतात. मला काही ते पटलं नाही. पाऊस सरल्यावर त्यानं मागच्या दारी जांभळाच्या सावलीत वाफे केले, शेणखत कालवलं, रोपांवर दुपारचं ऊन येऊ नये म्हणून वर ओढणी बांधली. तुझी, कॉलेजातली पिवळी. कपाटातून न विचारता काढली, हेही मी मनात टिपून ठेवलं. थंडी पडल्यावर रोपांनी अंग धरलं. पानं अळवाएवढी थोरली, पण चुरगळल्यासारखी. देठ माझ्या अंगठ्याएवढे जाड. ते लालभडक यायला हवे होते म्हणे, आपल्याकडे हिरवेच आले, बुडाशी तेवढी लाली. एक देठ मी चाखून बघितला. अंबाडी परवडली इतका आंबट!

आता सांगते ते ऐक. अळू काढलं की आपण त्याचं काही फेकत नाही. चांगल्या पानांची वडी, उरल्यासुरल्याचं देठांसकट फदफदं. आणि हा पठ्ठ्या नेमका देठ ठेवायचा आणि हातभर पानं कुंपणाशी खड्ड्यात पुरायचा. वर माती, मातीवर दगड. विचारलं तर म्हणाला, पानं खायची नाहीत आई, विषारी असतात, कोंबड्यांनीसुद्धा टोचता कामा नये. म्हणजे ज्या झाडाचं पान विष, त्याच झाडाचा देठ हा मला गोड करून खायला घालणार होता! पलीकडच्या घरातली येसूबाई कुंपणाच्या वईवरून हे सगळं बघत असायची. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "गो उज्वला, भाजीची पानं कोन पुरतो का जमिनीत? कायतरी हाय यात. तुजा जावय सरळ नाय." तिला मी गप्प केलं. पण माझ्या मनातलं ती मोठ्यानं बोलली होती.

त्यात ते फोन. आपल्या घरात त्याच्या फोनला रेंज येत नाही म्हणून तो रोज संध्याकाळी आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागायचा आणि पहिल्या वळणावरच्या कठड्यावर जाऊन बसायचा. परत यायचा तो तोंड धुतल्यासारखा ओला. रस्त्यात कुठे नळ आहे का तोंड धुवायला? एक दिवस मीही चुलीला फाटी गोळा करायच्या निमित्तानं मागोमाग गेले आणि करवंदीच्या जाळीआड उभी राहिले. लाज वाटत नाही मला सांगायला. तो हळू आवाजात म्हणत होता, आज काय खाल्लंस? नुसता चहा? दोन घास तरी खायचे. मग म्हणाला, नाही येत गं, तू बोलावल्याशिवाय नाही येत मी तिकडे. ठरलंच, म्हटलं, दुसरी कोणीतरी आहे. ती तूच असशील हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा बायकोला असं विचारतो, हे मी कुठे बघितलं होतं? तुझे बाबा माणूस सोन्यासारखा, पण मी काय खाल्लं हे त्यांनी मला कधी विचारलं असेल तर शपथ.

फेब्रुवारीत त्यानं ते गोड करायला घेतलं. क्रम्बल म्हणतात त्याला. देठांचे तुकडे करायचे, त्यात साखर घालायची, वर लोणी आणि पीठ चोळून केलेला चुरा पसरायचा आणि भट्टीत भाजायचं, एवढाच प्रकार. पण आपल्याकडे कुठली भट्टी? गॅसवर कढईत मीठ तापवून त्यावर भांडं ठेवायचा, तर खाली करपायचं आणि वर पीठ कच्चं. चमच्यानं जराशी चव घ्यायचा, मान हलवायचा आणि सगळं गाईला. पुन्हा पुढच्या रविवारी तेच. मी म्हटलं, असं कोणासाठी चाललंय हे? कोणाला तरी आवडतं, म्हणाला आणि भांडं घासायला घेतलं. माझ्या घरात, माझ्या गॅसवर, माझ्या पोरीच्या ओढणीच्या सावलीत वाढलेल्या झाडाचं गोड हा दुसऱ्या कोणासाठी करायला शिकतोय! माझा तिळपापड झाला.

त्याच आठवड्यात तो मैदा आणायला पोलादपूरला गेला आणि मी विळी घेऊन मागच्या दारी गेले. कोवळी कोवळी चार पानं कापली. खाजरं अळू आपण जन्मभर खात आलोय, आमसूल पडलं की त्याची खाज पळते. या पोराला ते माहीत नाही म्हणून तो विष विष करतोय, नाहीतर मला या पानांपासून लांब ठेवण्यात त्याचा काही डाव आहे, असं दोन्ही मला एकदमच वाटत होतं. येसूबाईनं वईवरून सल्ला दिलाच, "आमसूल जास्त टाक गो, काय होत नाय." चण्याची डाळ, आमसूल, गूळ, वर लसणीची फोडणी. झकास रंग आला. तो आल्यावर त्याच्या पुढ्यात वाटी ठेवायची आणि तोंड बघायचं, असा माझा बेत होता. तो यायच्या आधी मीच भातावर घेऊन चार घास खाल्ले. चव काही वाईट नव्हती, हे तुला म्हणून सांगते.

तो आला तेव्हा माझ्या तोंडाची आग व्हायला लागली होती. त्यानं टोप बघितला, माझं ताट बघितलं आणि हातातला मैदा तिथेच सोडला. दीक्षा, त्या माणसाचा चेहरा मी विसरणार नाही. मला अक्षरशः उचलून त्यानं गावातल्या चंदूच्या टमटममध्ये घातलं. कापड्यापासून दवाखान्यापर्यंत मी टमटमच्या बाहेर डोकं काढून ओकत होते आणि हा माझी पाठ चोळत रडत होता. म्हणत होता, आई, तुम्हाला काही झालं तर मी तिला काय सांगू, ती आधीच... आणि तिथे थांबला. डॉक्टर म्हणाले, थोडंच खाल्लं म्हणून निभावलं. सलाईन लावून संध्याकाळपर्यंत ठेवलं आणि घरी सोडलं. पण मला ओकारीपेक्षा तो 'आधीच' जास्त छळत होता. तोपर्यंत मी हा काय लपवतोय हे शोधत होते. आता पहिल्यांदा वाटलं, तू काय लपवत्येस?

त्या दिवसापासून माझं 'अहो सुशांतराव' सुटलं. मी त्याला 'अरे' म्हणायला लागले आणि त्याला ते इतकं बरं वाटलं की माझीच मला शरम वाटली. मी त्याला काही विचारलं नाही. म्हटलं, तुझ्या त्या क्रम्बलचं आधी काय ते मार्गी लावू. माळ्यावरून धोंडसाचं पितळी पातेलं काढलं. आठवतं ना, पावसाळ्याच्या शेवटी जून काकडी किसून आपण करायचो ते? खाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे, म्हणजे वरून खालून सारखी धग. तिकडच्या भट्टीत तरी दुसरं काय असतं? मैद्याऐवजी मी त्याला तांदळाचं पीठ आणि थोडी नाचणी घ्यायला लावली, लोण्याऐवजी साजूक तूप, साखरेऐवजी गूळ आणि चिमूटभर सुंठ. देठांच्या वरच्या शिरा ओढून काढल्या, पेरभर तुकडे केले, गुळात मुरवत ठेवले. त्यांना आपणहून पाणी सुटलं. वरून चुरा पसरला, झाकण घातलं, निखारे ठेवले आणि आम्ही दोघं चुलीशी बसून राहिलो. वास सुटल्यावर येसूबाई वाटी घेऊनच आली. तिला आधी मी खाऊन दाखवलं, तेव्हा कुठे तिनं तोंडात घातलं. म्हणाली, "आंबटगोड बरा लागतंय, पन पानं नाय ना टाकलीस?"

ती गेल्यावर सुशांतनं पहिला घास घेतला. डोळे मिटले. म्हणाला, असंच, आई. तिकडे शेजारच्या म्हातारीनं परसातले देठ द्यायचे आणि मी रोज हे करायचो. दीक्षाच्या पोटात दुसरं काही ठरायचंच नाही तेव्हा. दोन्ही वेळच्या जेवणाला हेच खायची. मी विचारलं, तेव्हा म्हणजे कधी रे? बोलण्याच्या भरात तो बोलून गेला, एप्रिल-मे, तिकडे हे तेव्हाच येतं. आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो ते. तो उठला, भरलेलाच हंडा उचलला आणि पाणी आणायला निघून गेला.

दुसरं काही पोटात ठरत नाही आणि आंबट तेवढं चालतं. याचा अर्थ मला कोणी फळ्यावर लिहून समजवायला हवा का? क्षणभर इतका आनंद झाला मला. हात तसाच पातेल्यावर राहिला, भाजला तरी कळलं नाही. मग मी महिने मोजायला लागले आणि मोजता मोजता थांबले. ते डोहाळे गेल्या वर्षीचे. यंदाच्या थंडीत तुझ्या घरात पाळणा हलायला हवा होता, तो हललाच नाही. आणि मध्ये आषाढात तुला रजा मिळाली नव्हती.

तुझ्या नवऱ्यानं तुला दिलेला शब्द मोडलेला नाही, हे मी तुला लिहून देते. तो पाणी घेऊन आला, त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, मी त्याला आणखी एक वाटी वाढली. एवढंच झालं. पण चुलीपुढे बसल्या बसल्या बाकीचं सगळं आपोआप जागच्या जागी बसलं. बाबा गेले म्हणून आईला आणखी एक दुःख नको, असं तू ठरवलंस. मग तुला त्याचंही तोंड बघवेना आणि तू त्यालाही जा म्हणालीस. तो गेला, पण कुठे गेला, तर तू कधी परत आलीस तर जिथे येशील तिथे. आणि येताना घेऊन आला काय, तर ज्या एका गोष्टीवर तू जगली होतीस तिचं बी. मी उगाच कुंपणाशी त्याच्या खड्ड्यांत डाव शोधत राहिले. आषाढातल्या त्या संध्याकाळी तू तिकडे पलंगाला खिळलेली असताना मी तुला फोनवर काय काय ऐकवलं, ते आठवलं की मला घास उतरत नाही, दीक्षा. तू एक शब्द उलटून बोलली नाहीस, तेव्हाच मला काहीतरी वेगळं आहे असं वाटायला हवं होतं. नको तिथे संशय घेतला आणि हवा तिथे घेतला नाही.

परवा वीस मार्च. दरवर्षी तुझे बाबा मला महाडला चवदार तळ्यावर घेऊन जायचे, यंदा सुशांत नेणार आहे. जाता जाता हे पाकीट मीच पोलादपूरच्या पोस्टात टाकणार आहे, त्याच्या हाती देणार नाही. फोनवर हे बोलले असते तर तू 'काही नाही गं आई' म्हणाली असतीस, आणि मग मला ते खरं मानावं लागलं असतं. तुला ते तोंडानं सांगायला लागू नये, म्हणून लिहिलं. मला कळलंय. तू दारात आलीस की मी काही विचारणार नाही आणि तू काही सांगू नकोस, सरळ आत येऊन पाटावर बस. उन्हाळा चढायला लागलाय, सुशांत रोज ओढणी भिजवून रोपांवर टाकतो, तरी कडेची दोन माना टाकतायत. वैशाखापलीकडे ती काही टिकायची नाहीत. पातेलं मी माळ्यावर परत ठेवलेलं नाही. तेव्हा ये. आणि रजा मिळत नाही असं मात्र पुन्हा सांगू नकोस, ते मला तेव्हाही खरं वाटलं नव्हतं.

तुझीच,
आई